काकांच्या आठवणींची वर्गणी

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेल मिळाला. काकांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, वाढदिवसाला ताई ती आठवणींच्या पुस्तकाची वर्गणी भरायची म्हणतेय आणि तू दोलायमान आहेस. मला आधी एकच सांग: काका आपणहून बसून चार परिच्छेदांचं पत्र किंवा मेल लिहितात का? लिहीत असतील तर खुशाल घ्या. नसतील, तर वर्षाअखेरीस हातात येईल ते बहुतेक अर्ध्यात सोडलेलं पुस्तक असेल.

या सेवा नक्की काय विकतात ते सुटं करून बघ. स्टोरीवर्थचा साचा सर्वांत ओळखीचा: दर आठवड्याला मेलने एक प्रश्न, त्याला उत्तर, वर्षभराने सगळ्याचं बांधीव पुस्तक. रेमेंटोसारख्या ठिकाणी लिहायच्या ऐवजी बोलायचं. मजकूर यंत्र तयार करतं आणि पुस्तकात क्यूआर कोड छापतात, तो फोनने स्कॅन केला की मूळ आवाज ऐकू येतो. म्हणजे आठवण करून देणं, साठवून ठेवणं आणि छापून बांधणं, इतकी तीन कामं. यातलं पहिलं खरंच मोलाचं आहे, ते उगाच हिणवू नकोस. ‘कधीतरी बाबांकडून सगळं लिहून घ्यायचंय’ यातला ‘कधीतरी’ एखादा ठरलेला सोमवार झाला की निम्मं काम होतं.

चौथं काम मात्र या पाकिटात नसतं, आणि पुस्तक चांगलं होतं ते त्याच्यामुळे. समजा प्रश्न आला, ‘तुमची पहिली नोकरी कशी होती?’ उत्तर येतं: ‘चांगली होती. साहेब कडक होते. तीन वर्षं केली.’ साध्या सेवेत पुढच्या सोमवारी ‘तुमचा आवडता ऋतू कोणता?’ असा प्रश्न येऊन पडतो. समोर तू असतास तर विचारलं असतंस, ‘कडक म्हणजे काय करायचे हो?’ आणि मग साहेबांची काठी, हजेरीचं रजिस्टर, उशीर झाल्यावर मागच्या दाराने आत शिरणं, असं सगळं बाहेर आलं असतं. हल्ली काही ठिकाणी यंत्रच पोटप्रश्न विचारतं. नसल्यापेक्षा बरं, पण कुठला शब्द बोलताना काका जरा थबकले हे कळायला घरातलंच माणूस लागतं.

आता आकडे मांडून बघ. ५२ प्रश्न, दर उत्तराला सरासरी ४०० शब्द धरले तर २०,८०० शब्द होतात. पानाला २५० शब्द धर, म्हणजे साधारण ८३ पानं, फोटो वेगळे. हे सगळी उत्तरं आली तर. पहिले दोन महिने उत्साह असतो, मग प्रवास, आजारपण, कंटाळा, आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे साचलेले प्रश्न. तीन आठवड्यांची उत्तरं राहिली की चौथा प्रश्न थकलेल्या बिलासारखा वाटायला लागतो. म्हणून सुरुवातीलाच ठरवा की वर्षात २५ ते ३० चांगली उत्तरं पुष्कळ झाली, आणि ज्या प्रश्नाचा कंटाळा येईल तो बेलाशक उडवायचा. बहुतेक ठिकाणी प्रश्न बदलता येतो, स्वतःचा घालताही येतो. तो अधिकार भेट देणाऱ्याच्या खात्यालाही आहे की फक्त काकांच्या, हे आधी बघून घे.

तयार प्रश्नांत भरताड फार. ‘आयुष्याने तुम्हाला काय शिकवलं?’ असं विचारलं की माणूस प्रवचन देतो. प्रश्न जागेचा, वस्तूचा किंवा हालचालीचा हवा: शाळेत जाताना वाटेत काय काय लागायचं? घरात पैसे कुठे ठेवलेले असायचे आणि ते कोणाला माहीत असायचं? पहिला पगार हातात आल्यावर त्याच दिवशी काय केलं? मानसशास्त्रात एक पक्की नोंद आहे की उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त आणि स्पष्ट सांगता येतात. तेव्हा निम्मे प्रश्न त्याच वर्षांवर ठेव. आणि एक खबरदारी. यादी यंत्राच्या हातात असली की घरात नुकतंच कोणी गेलेलं असताना नेमका त्याच माणसाबद्दलचा प्रश्न येऊन पडू शकतो. थांबवून ठेवायची सोय आहे का, हे त्यासाठी बघायचं.

मराठीचा प्रश्न ताईच्या लक्षात आला नसेल. वेबसाइटवर देवनागरी नीट दिसते म्हणजे छापील पुस्तकात नीट येईल असं नाही. पडद्यावर दिसतो तो फोनमधला फॉन्ट, पुस्तकासाठी पीडीएफ तयार होते त्यांच्या सर्व्हरवर, त्यांच्या फॉन्टने. पहिल्याच उत्तरात एक ओळ टाकून छपाईचं पूर्वदृश्य (प्रिव्ह्यू) मागव: ‘दऱ्याखोऱ्या, आचाऱ्याला, ॲल्युमिनियम, ऑफिस, उद्घाटन, लक्ष्मी, शृंगार’. ‘ऱ्य’ काही कळफलकांवर न दिसणारं जोडचिन्ह घालून तयार होतं. सॉफ्टवेअरने ते चिन्ह फालतू समजून काढलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि स्वयंपाक करणारा आचारी आचार्य होऊन बसतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडली, तर विषय तिथेच संपला. ती सेवा मराठीसाठी नाही, मग जाहिरातीत काहीही म्हणोत.

बोलून टाइप करण्याचाही एक घोटाळा आहे. फोनच्या व्हॉइस टायपिंगमध्ये भाषा हिंदी राहिली असेल तर ‘आहे’चं ‘है’ होतं आणि ‘ळ’ गायब होतो. ती भाषा आधी मराठीवर आण. तरीही काही सेकंद शांतता झाली की माइक बंद पडतो, आणि म्हातारी माणसं आठवताना थांबतातच. काका बोलतायत, फोन ऐकत नाहीये, हे पाच मिनिटांनी कळलं की पुन्हा तेच सांगा म्हणणं जिवावर येतं. त्यापेक्षा साध्या रेकॉर्डरवर आवाज घे आणि मजकूर नंतर काढ.

याहून मला खटकते ती ‘मजकूर सुधारून देऊ’ ही सोय. काका म्हणाले, ‘मग काय, निघालो तस्साच. चप्पल पण एकच सापडली.’ यंत्र लिहितं, ‘त्यानंतर मी विलंब न करता प्रस्थान केले, परंतु मला केवळ एकच पादत्राण मिळाले.’ व्याकरण चोख आहे, पण यात काका कुठे आहेत? ती सोय बंद करता येत असेल तर पहिल्या दिवशी बंद कर. ‘म्हणजे काय की’ची दहावी पुनरुक्ती काढ, विरामचिन्हं घाल, वाक्याला हात लावू नकोस.

अटींमध्ये काय वाचायचं ते थोडक्यात. वर्ष संपल्यावर वर्गणी आपोआप नूतनीकरण होते का, कारण कार्डाचा नंबर दिलेला असतो. वर्षाच्या आत पुस्तक मागवलं नाही तर ते बुडतं की नंतरही मिळतं. पानांची मर्यादा किती, आतली पानं रंगीत की काळी-पांढरी, जादा प्रतींचं काय. वर्गणी संपल्यावर आवाज किती काळ ठेवतात, हा प्रश्न क्यूआर कोडवाल्यांना आवर्जून विचार. तो कोड म्हणजे त्यांच्या सर्व्हरचा पत्ता. कंपनी बंद पडली की पुस्तकात नुसता ठिपक्यांचा चौकोन उरतो. आणि सगळा मजकूर बाहेर काढता येतो का? नुसती पीडीएफ देतो म्हणाले तर मान्य करू नकोस. पीडीएफमधून देवनागरी कॉपी केली की पुष्कळदा अक्षरांची खिचडी होते, म्हणून वर्ड किंवा साध्या टेक्स्टची फाइल हवी. तोवर दर महिन्याला उत्तरं स्वतःच्या फाइलमध्ये उतरवून घेत जा, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरा मार्ग असा. सेवा न घेता १२ बैठका ठरव, पंधरवड्याला एक, प्रत्येकी ४० मिनिटांची. सामान्य माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या, अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या स्टोरीकॉर्प्सच्या मुलाखतीही ४० मिनिटांच्याच असतात. त्यापुढे सांगणारा थकतो आणि ऐकणारा माना डोलवायला लागतो. फोन टेबलावर नुसता ठेवू नकोस, खाली घडी घातलेला टॉवेल ठेव, नाहीतर टेबलावरची प्रत्येक टकटक आत जाते. पंखा बंद, टीव्ही बंद, फोन एअरप्लेन मोडवर. सुरुवातीला तारीख आणि कोण कोण बसलंय ते बोलून घे. डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल एका वाहिनीवर, म्हणजे मोनो, घेतलीस तर तासाला साधारण ३२० एमबी लागतात. तीन प्रती ठेव, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. तासाभराचं बोलणं हाताने उतरवायला चार ते सहा तास जातात, यंत्राने काढून तपासायला त्याहून बरेच कमी. ४० मिनिटांत कच्चे चारेक हजार शब्द येतात, त्यातले निम्मे राहतात. म्हणजे १२ बैठकांत २४ हजार. वर्षभराच्या वर्गणीपेक्षा जास्तच, आणि सहा महिन्यांत.

मग वर्गणी घेण्यात अर्थ कधी? तू आणि ताई दोघंही लांब असाल, काकांना एकट्याने लिहायला आवडत असेल आणि मांडणी-छपाईची यातायात तुम्हा दोघांनाही नको असेल तेव्हा. मांडणीचं काम हलकं समजू नकोस. मोठ्यांना वाचायचं तर अक्षर १४ पॉइंटचं हवं, शिवणीकडचा समास रुंद हवा नाहीतर ओळीचे शेवट घडीत जातात, आणि आधी एकच प्रत छापून तपासायची. तपासताना सगळी नावं आणि सालं एका कागदावर काढ. एकच आत्या तीन शुद्धलेखनांत आणि एकच लग्न दोन सालांत सापडेल.

दोन्ही मार्गांना लागू एक भानगड उरते. जमिनीचा वाद, मोडलेली सोयरीक, कोणाचं तरी कर्ज, हे काका सांगतीलच, आणि ज्यांच्याबद्दल सांगतील ते हयात असतील. रेकॉर्डिंग पूर्ण ठेव, छापायचं काय ते काकांना वाचून दाखवून ठरव. आणि वर्गणीत दर उत्तर आपोआप सगळ्या नातेवाइकांना मेलने जायची सोय असते, ती तर बंदच ठेव. काकूंची आठवण वेगळी निघाली तर काकांचं वाक्य दुरुस्त करू नकोस, खाली तळटीप दे: ‘आई म्हणते, तेव्हा पाऊस नव्हता.’

ताईला सांग, भेट द्यायचीच तर आधी तीन रविवार रेकॉर्डरवर करून बघा. काका तिसऱ्या रविवारी स्वतःहून ‘आज काय विचारणार?’ म्हणाले तर बैठकाच चालू ठेवा, आणि ‘मीच लिहून देतो’ म्हणाले तर वर्गणी भरा.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
श्री

ता. क. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवू नका, तिथे ते दाबले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४ बाय ६ इंचात नीट छापायला किमान १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. जुने फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, आणि फोटोमागे काही लिहिलं असेल तर ती बाजूही.