मोफत रिपॉझिटरी कुठे चालेल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतले, कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली आणि अनेक जण प्रॉक्समॉक्स या तशाच कामाच्या सॉफ्टवेअरकडे वळले. मीही प्रॉक्समॉक्सचेच सर्व्हर सांभाळतो. त्याचा सोर्स कोड एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुला आहे. सुविधा सर्वांना सारख्याच. फरक अपडेटमध्ये आहे. अपडेट रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून येतात. जास्त तपासलेली पॅकेजेस सशुल्क एंटरप्राइज रिपॉझिटरीत मिळतात, कमी तपासलेली मोफत रिपॉझिटरीत. शुल्क सीपीयू सॉकेटमागे (सर्व्हरमधल्या प्रोसेसरच्या प्रत्येक खाचेमागे), दरवर्षी. ही रचना मला रास्त वाटते. पण इन्स्टॉलनंतर सशुल्क रिपॉझिटरीच चालू असते. वर्गणी नसेल तर प्रॉक्समॉक्सचे अपडेट अडतात आणि कर्नलमधल्या (सिस्टीमच्या गाभ्यातल्या) सुरक्षा-त्रुटी तशाच राहतात. शिकणाऱ्यांनी मोफत रिपॉझिटरी आजच जोडावी. रुग्णांच्या नोंदी असलेल्या सर्व्हरसाठी मात्र व्यवस्थापनाने वर्गणी भरलीच पाहिजे.

– एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर