मॅडम, पॉइंट अजून विसरलो नाही

मॅडम नमस्कार,

तुम्ही कंपनी सोडली त्या आठवड्यात मी नाइटला होतो म्हणून भेट राहिली. तसंही तोंडावर आभार मानायला मला जमलं नसतं, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

भोसरीत २२ वर्षं साध्या लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशिनवर काढली. नुसत्या आवाजावरून सांगायचो टूल गेलंय का अजून चालेल. मग कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी मशिन आल्या आणि ट्रेनिंग म्हणजे काय, तर कॅन्टीनमध्ये ३० जण बसवून पडद्यावर इंग्रजी स्लाइडा, दोन दिवस, शेवटी सही. केली सही. डोक्यात काही नाही आणि पोरांसमोर विचारायची लाज.

तुम्ही शिकवायला आलात तेव्हा मात्र आधी मलाच विचारलंत, काका ५० चा डाया (व्यास) ४८ करायचा तर तुम्ही काय करता? म्हटलं एक एमएमचा कट देतो, दोन्ही बाजूंनी जातो म्हणून दोन कमी होतात. तुम्ही म्हणालात इथं एक्स म्हणजे सरळ डायाच, ४८ लिहा, अर्ध्याचा हिशोब मशिन करेल. झालं, तिथून माझी गाडी सुरू झाली. मशिनला द्यायच्या हुकमांत जी ०० म्हणजे रिकामा हात भरभर फिरवणं, जी ०१ म्हणजे फीड लावून कापत जाणं, सगळं माझ्याच लेथच्या भाषेत. फेसिंगला, म्हणजे पुढचं तोंड सपाट करताना, टूल मध्याकडे जायला लागलं तसा जॉब फिरवणारा स्पिंडल आपोआप पळायला लागला, मी घाबरून इमर्जन्सी दाबली, तुम्ही ओरडला नाहीत, म्हणालात काका तुम्ही गिअर बदलून जे करायचात तेच हे जी ९६ करतंय, फक्त स्पीड ठरावीक आकड्यापुढे जाऊ नये म्हणून त्याला जी ५० ची वेसण घालायची.

आणि तो पॉइंट! आपल्या जुन्या मशिनवर एक्स ५० पुढे पॉइंट (दशांशाचं टिंब) द्यायचा राहून गेला की ती ५० मायक्रॉन (एमएमचा विसावा भाग) समजते, म्हणजे टूल निघालं थेट सेंटरकडे. ते माझ्याच हातानं टेपवर लिहून पॅनलला चिकटवायला लावलंत. टेप काळी पडलीये, पण आहे.

आयटीआयच्या त्या पोराला कोड तोंडपाठ, पण मायक्रोमीटर पाना आवळल्यासारखा आवळायचा, म्हणून रिडिंग रोज वेगळं. त्याला तुम्ही माझ्याकडे पाठवलंत, काका ह्याचा हात तुम्ही बसवा, तो तुम्हाला स्क्रीन दाखवेल. ठरावीक दाबाला सुटणाऱ्या टोकाच्या रॅचेटनं फिरवायला शिकवलं त्याला, आणि त्याच्याकडून ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, टाकायला शिकलो, लाज तिथंच गेली. एकेका माणसावर एवढा वेळ कशाला म्हणून वरून तुम्हाला ऐकावं लागलं, आम्हाला कळलं होतं ते, पण आम्ही कुणी बोललो नाही. त्याचं वाईट वाटतं.

आता दोन मशिन सांभाळतो. थ्रेडिंगचं (आटे पाडायचं) जी ७६ मात्र अजून त्या पोरालाच विचारतो, दोन ओळीत एवढे आकडे कुठला कशाचा हेच राहत नाही ध्यानात. भोसरीकडे आलात तर तेवढं एकदा लेथच्या भाषेत सांगून जा.

तुमचा,
लेथवाला काका