गोळ्या का सुटल्या, हे कुणी विचारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मनोरुग्णाचा हल्ला’ असा मथळा दिसला की आई पेपरची घडी करून माळ्यावर टाकते, माझ्या धाकट्या बहिणीच्या हाती लागू नये म्हणून. बहिणीला बारा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, आहे.

हार्मोन्समुळे असे रुग्ण हिंसक होतात, म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाढते, असे सर्रास बोलले जाते. तसा ठाम पुरावा नाही. आमच्याकडे हार्मोन आले ते वेगळ्याच वाटेने. या आजारावरच्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढू शकते. बाळंतिणीला दूध येते ते याच हार्मोनमुळे. ते फार वाढले की पाळी थांबते, कधी लग्न न झालेल्या मुलीच्याही छातीतून दूध येते. बहिणीची पाळी चार महिने आली नाही. आपल्याला दिवस गेलेत, असे तिने मनाशी धरले आणि गोळ्या गुपचूप तुळशीच्या कुंडीत पुरायला लागली. तीन आठवड्यांनी तिने कुकरचे झाकण आईला फेकून मारले. भुवईवर चार टाके पडले. शेजाऱ्यांना तेवढेच दिसले.

दर महिन्याच्या तपासणीत झोप, भूक, कानात आवाज येतात का, सगळे विचारले जाई. पाळीचे एकदाही नाही. सोबत बाबा असायचे, त्यामुळे तीही बोलली नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन तपासून औषध बदलून दिले. असे बदलून मिळते, हेच आम्हाला ठाऊक नव्हते! (आपल्या मनाने मात्र गोळी कधीही बंद करू नये.) पाळीच्या आधी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरते तेव्हाही काही जणींचा त्रास वाढतो, बाळंतपणानंतरही वाढतो. आता आई कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी बहिणीच्या तारखांना लाल खूण करते आणि ते पान डॉक्टरांना दाखवते.

या आजाराचे बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत, उलट इतरांचा मार खातात. धोका वाढतो तो उपचार सुटल्यावर किंवा दारू-गांजाची जोड मिळाल्यावर.

म्हणून कळकळीची विनंती. अशी बातमी देताना वार्ताहराने घरच्यांना विचारावे: औषध चालू होते का? सुटले असेल तर केव्हा आणि कशामुळे? आणि बातमीखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

आपली,
एक वाचक, सांगली