इंजिन खोलण्याआधी गेज तपासा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या गॅरेजांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: 'कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागेल.' म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब कमी झालाय. टेम्पो सकाळी सेल्फ मारून मारून दमलेला असतो, पांढरा धूर सोडत असतो, पासिंगची तारीख डोक्यावर आलेली असते, आणि मालक निमूटपणे मान हलवतो. रिंगा, पिस्टन, लायनर, हेडचे काम आणि तेवढे दिवस बुडालेली भाडी असा सगळा खर्च या एका वाक्यापाठोपाठ येतो. कुर्ल्यात सव्वीस वर्षे डिझेल इंजिनांची कामे करणारा फिटर म्हणून मला कळकळीने सांगावेसे वाटते की हा दाब मोजणाऱ्या ज्या गेजच्या भरवशावर हा निकाल दिला जातो, तो गेज तरी खरा आहे का, हे आमच्यापैकी फार थोडे जण तपासतात.

मीही ते तपासले नव्हते. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात वाशीच्या मार्केटमधून दादरला भाजी आणणारा एक टेम्पो माझ्याकडे आला. इंजिन चार सिलिंडरचे, साधारण दोन लिटरचे होते. चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे प्लग) काढून त्या जागी गेज लावून मी कॉम्प्रेशन घेतले, तर एकाही सिलिंडरने 300 पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचे एकक) आकडा ओलांडला नाही. रिंगा गेल्या असे मालकाला सांगून मी हेड उतरवले. लायनरच्या वरच्या कडेला नख फिरवले, पण झिजेची पायरी लागली नाही. लायनर नवा असताना पाडलेल्या होनिंगच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या. हेड उलटे ठेवून व्हॉल्व्हवर डिझेल ओतले, तर सकाळपर्यंत थेंबही खाली उतरला नव्हता. इंजिन ठणठणीत होते. सकाळी ते सुरू होत नव्हते याचे कारण दोन जळालेले हीटर प्लग, जे मी स्वतःच काढून बाजूच्या ट्रेमध्ये ठेवले होते. हेड गॅस्केट आणि मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत, परंतु त्या माणसाची चार दिवसांची भाडी मला भरून देता आली नाहीत.

चूक गेजच्या पाइपची होती. मूळ पाइप फुटल्यावर मी बाजारातून दुसरा करून घेतला होता आणि त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (आत गेलेली हवा परत येऊ न देणारा) सिलिंडरकडच्या टोकाला न बसवता घड्याळाच्या, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या डायलच्या, टोकाला बसवलेला होता. दिसायला फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब मांडून पाहावा. अर्ध्या लिटरच्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन 18 ला 1 असेल, म्हणजे हवा अठराव्या हिश्शाच्या जागेत दाबली जात असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम 29 सीसी असते. आतून 6 मिलिमीटर व्यासाचा, 30 सेंटिमीटर लांबीचा पाइप, व्हॉल्व्ह दूरच्या टोकाला असल्याने, त्यात साडेआठ सीसीची भर घालतो, आणि 18 चे कॉम्प्रेशन 14 वर येते. पेट्रोल इंजिनात मुळातच ती जागा मोठी असल्याने तोच पाइप एवढी फसवणूक करत नाही. म्हणून डिझेलचा टेस्टर (पाइपासकट गेज) घेताना सर्वांत आधी पाइपाचे टोक उघडून व्हॉल्व्ह कुठे आहे ते पाहावे. तो खराब झाल्यास टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह-पिन त्यात घालू नये. त्याची स्प्रिंग अधिक कडक असते आणि आकडा पुन्हा कमीच दिसतो.

नागदेवी स्ट्रीटवर टेस्टर विकत घेणाऱ्यांना आणखी थोडे सांगतो. पेट्रोलचा 300 पीएसआयचा गेज डिझेलला चालत नाही, कारण चांगले डिझेल इंजिन नुसत्या सेल्फवर 350 ते 450 पीएसआय सहज देते. 1000 पीएसआय, म्हणजे सुमारे 70 बारचे घड्याळ घ्यावे. खरा पैसा अ‍ॅडॅप्टरमध्ये घालावा. हीटर प्लगचे आटे कुठे 10 मिलिमीटरचे, कुठे 12 चे, तर नव्या इंजिनांत 8 चे असतात, आणि ज्या मोठ्या इंजिनांना हीटर प्लगच नसतात, त्यांना डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या जागी बसणारा डमी लागतो. ससून डॉकच्या बोटींवर काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. डमीखाली दर वेळी नवा तांब्याचा वॉशर घालावा. जुना दबलेला वॉशर हवा सोडतो आणि दोष सिलिंडरच्या माथी येतो.

आकडा कमी आला, तर आधी टेस्टरकडे पाहावे. पाइपात कॉम्प्रेसरची 100 पीएसआय हवा भरून जोडांना साबणाचे पाणी लावावे आणि काटा पाच मिनिटे जागेवर राहतो का ते बघावे. प्रत्येक स्ट्रोकला काटा चढून परत खाली पडत असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये काजळी अडकलेली असते. हवा सोडूनही काटा शून्यावर येत नसेल, तर ते घड्याळ बाद समजावे. मग बॅटरी: सेल्फ मंद फिरला की चारही सिलिंडर सारखेच कमी दाखवतात. इंजिन गरम हवे, एअर फिल्टर काढलेला हवा, टॅपेट बरोबर हवेत, सगळे हीटर प्लग बाहेर हवेत आणि डिझेल बंद हवे, कारण टेस्टर लावलेला असताना सिलिंडर पेटला तर गेज फुटून माणूस जखमी होऊ शकतो.

एवढे करूनही शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी राहिले, तर त्या दोघांमधल्या हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. एकच कमी असेल, तर हवा भरून लीक ऐकावी: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडकलेले हेड. सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पुन्हा आकडा घेण्याची पेट्रोल इंजिनातली रीत मात्र डिझेलवर करू नये. एवढ्याशा जागेत ऑइल साचले की आकडा उगाच वाढतो आणि ऑइल जास्त झाले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्यातले अनेक अनुभवी मिस्त्री अजूनही असे करतात, याचे मला वाईट वाटते.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक वर्गात मुलांना गेज लावायला शिकवतात, तसाच तो तपासायलाही शिकवावा आणि गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी कॅलिब्रेशन केलेला एक गेज आपल्याकडे ठेवून सभासदांना आपला गेज त्याच्याशी ताडून पाहू द्यावा. आणि टेम्पोमालकांनी इंजिन खोलायला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून मागावा, बॅटरी चार्ज होती का ते विचारावे आणि मोजणी आपल्यासमोर पुन्हा एकदा करायला लावावी. त्याला अर्धा तास लागतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी मी आता हा कागद बिलाला जोडून देतो.

आपला,
एक डिझेल फिटर,
कुर्ला (पश्चिम), मुंबई