वडाच्या इंग्रजी नावामागची गोष्ट दाखवणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

सहावीच्या वर्गात मी सांगितलं, वडाला इंग्रजीत 'बॅनियन' म्हणतात. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, अंगात घालतात ते बनियन आणि हे एकच का?" वर्ग हसला. "नुसता उच्चार सारखा आहे," म्हणून मी तिला खाली बसवलं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. स्वतःलाच खात्री नसताना मी एका लेकराला गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय बंद व्हायच्या वेळेला तुमच्याकडे आले. तुम्ही हातातलं कुलूप टेबलावर ठेवलंत, स्टुलावर चढलात आणि खाकी कव्हर घातलेला जाडजूड 'हॉबसन-जॉबसन' खाली काढलात. यूल आणि बर्नेल यांचा १८८६चा कोश. ओळीखाली बोट धरून तुम्ही वाचत होतात, मी वहीत उतरवून घेत होते.

शब्द मुळात झाडाचा नाहीच, माणसांचा. संस्कृत वणिज्, त्यातूनच आपला वाणी आणि गुजरातीतला वाणियो. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचं बनियान झालं आणि पुढे इंग्रजांनीही तेच उचललं. हे व्यापारी तेव्हा पार इराणच्या आखातापर्यंत पोचले होते. बंदर अब्बासला, ज्याला इंग्रज गोंब्रून म्हणत, एका मोठ्या वडापाशी त्यांचं छोटं देऊळ होतं. सतराव्या शतकातले युरोपीय प्रवासी त्या वडाला बनियनांचं झाड म्हणू लागले, आणि त्या एकाचं नाव पुढे सगळ्याच वडांना लागलं. आमच्या शाळेपुढच्या वडाचं इंग्रजी नाव समुद्रापलीकडच्या एका वडावरून आलंय! वाचताना अंगावर काटा आला.

आणि बनियन? अठराव्या शतकात युरोपातले पुरुष घरात जो सैल झगा घालत, त्यालाही याच व्यापाऱ्यांवरून बनियन म्हणत. तेच नाव पुढे आतल्या कपड्याला आलं. ब्रिटिश आरमारात तर ज्या दिवशी खलाशांना मांस मिळत नसे, तो 'बनियन डे', कारण ही मंडळी शाकाहारी. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका होता.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. बाजारातल्या गुजराती कापडवाल्यांना फोन लावून माझ्या कानाला दिलात. "एक असला तर वाणियो, पुष्कळ असले तर वाणिया," ते म्हणाले. छापलेला शब्द असा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाला, हे मी विसरणार नाही.

तरी मला आपला वड जास्त आवडतो, बाई. इंग्रजी नावात झाडाबद्दल काहीच नाही. संस्कृतातला न्यग्रोध म्हणजे खाली वाढणारा, त्यात निदान पारंब्या तरी दिसतात.

काल वर्गात आधी त्या मुलीला उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझं बरोबर होतं, माझं चुकलं." मग वहीतलं सगळं वाचून दाखवलं. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

तुम्ही त्या दिवशी पाऊण तास उशिरा घरी गेलात. मनापासून आभार. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दहा-बारा मुलांना घेऊन येते. गोंब्रून नकाशात कुठे आहे, ते त्यांना बघायचंय. अ‍ॅटलास काढून ठेवाल ना?

तुमची,
इंग्रजीच्या बाई