आजी रशियासाठी प्रार्थना करायची

वसई
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५
ख्रिस्तराजाचा सण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप काल रात्री वाचला. सोबतचा व्हिडिओही शेवटपर्यंत पाहिला, तोच, जगावर तीन दिवस काळोख पडेल, काहीच वाचतील आणि मग शांतीचा काळ येईल असं सांगणारा. तो काळ आपल्या हयातीत येईल का आणि चर्चचं यावर म्हणणं काय, हे तुझे प्रश्नही वाचले. मग बराच वेळ झोप आली नाही, आणि ती त्या व्हिडिओने उडवली नव्हती. तू खाली एक ओळ लिहिली होतीस, 'मेणबत्त्या आणून ठेवल्यात, पण मुलांना काय सांगू ते कळत नाही', तिने उडवली. लहानपणी पावसाळ्यात दिवे गेले की अख्ख्या आळीत न घाबरणारा तू एकटा होतास. तोच तू टोरांटोच्या थंडीत, तीन दिवस काळोख पडणार म्हणून आशीर्वादित मेणबत्त्या मोजत बसला आहेस, हे मला बघवेना.

आज सकाळी चर्चमधल्या मिस्सात, प्रभूच्या प्रार्थनेतलं 'तुझे राज्य येवो' म्हणताना मी अडखळलो. वाटलं, त्या व्हिडिओतला माणूस हेच तर मागतो आहे. तू हेच मागतोस, मीही हेच मागतो. मग त्याच्या मागण्याने तुझ्या घरात भीती का शिरावी? दिवसभर हाच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर मी नीट बोलत नाही, तुला ठाऊक आहे.

आधी माझ्या आजीची गोष्ट सांगतो. तू तिला पाहिलं आहेस, पण हे बहुधा तुला माहीत नसेल. रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की आम्ही पोरं उठायला बघायचो आणि आजी हाताने खाली बसवायची. 'अजून रशिया राहिला,' म्हणायची. मग मारियामातेची एक 'नमो मारिया' प्रार्थना रशियासाठी. तिच्या तरुणपणी मिस्सा झाल्यावर गुडघे टेकून काही प्रार्थना व्हायच्या. पोप अकरावे पायस यांनी १९३० साली त्या साम्यवादी राजवटीखालच्या रशियासाठी अर्पण करायला सांगितलं होतं. १९६५मध्ये मिस्सानंतरच्या त्या प्रार्थना बंद झाल्या, आमच्या घरातली झाली नाही. आजीने वसई तालुक्याबाहेर पाऊल टाकलं असेल ते दोनचारदा. रशिया कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. जपमाळेच्या शेवटच्या गाठीशी तिने लाल दोरा बांधला होता, तिथे बोट अडलं की रशिया.

१९९१च्या नाताळच्या रात्री क्रेमलिनवरचा लाल बावटा उतरला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं, आजी, तुझं काम झालं. तिने विचारलं, 'तिथली माणसं जेवतात ना नीट?' मला उत्तर देता आलं नाही. त्या संध्याकाळी रशियाची 'नमो मारिया' झालीच, आणि पुढे ती जाईपर्यंत रोज होत राहिली.

पोर्तुगालमधल्या फातिमा गावी मारियामातेने सांगितलं ते घे, तुझा व्हिडिओवाला त्याचाच आधार घेतो. पहिलं महायुद्ध चालू होतं. ५ मे १९१७ रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी पत्र लिहून सांगितलं की मारियेच्या स्तुतिमाळेत 'शांतीच्या राणी, आमच्यासाठी विनंती कर' ही हाक जोडावी. त्यानंतर आठच दिवसांनी, १३ मे रोजी, त्या गावच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या तीन मुलांना मारियेचं दर्शन झालं. लुसिया दहा वर्षांची, फ्रान्सिस्को आठचा, जसिंता सातची. जुलैच्या दर्शनातले जे शब्द लुसियाने पुढे लिहून ठेवले त्यांचा आशय तुला पाठ आहे: शेवटी माझ्या निष्कलंक हृदयाचा विजय होईल, रशिया मला समर्पित केला जाईल, त्याचं परिवर्तन होईल, आणि जगाला शांतीचा काही काळ दिला जाईल.

'काही काळ' आणि 'दिला जाईल'. या चार शब्दांवर मी आयुष्यभर विसंबलो आहे. त्यात साल नाही, तारीख नाही. आणि जे दिलं जातं ते हिसकावता येत नाही, त्याचा हिशेबही मांडता येत नाही. ज्याला देतात त्याने ओंजळ पुढे करायची. हे खाजगी दर्शन आहे, ते मानलंच पाहिजे अशी ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, सक्ती नाही. मी मानतो, मनापासून मानतो. पण मला ते आजीच्या बाजूने कळलं आहे, घड्याळाच्या बाजूने नाही.

घड्याळ लावणारे आजचे नाहीत रे. दक्षिण इटलीत, कालाब्रियात, बाराव्या शतकात जोआकिम नावाचा मठाधिपती होऊन गेला. साधा, तळमळीचा माणूस. त्याला इतिहासाचे तीन कालखंड दिसले: पित्याचा, पुत्राचा, आणि येणारा पवित्र आत्म्याचा, ज्यात माणसं शांतीने आणि प्रार्थनेत राहतील. तो १२०२ साली वारला. त्याच्या लिखाणावरून पुढच्यांनी गणित पक्कं केलं. मत्तयच्या शुभवर्तमानात अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत ४२ पिढ्या आहेत, पिढीला ३० वर्षं धरली की होतात १२६०, आणि बायबलच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातही १२६० दिवस आहेतच. झालं, १२६० साली नवं युग! त्या वर्षी पेरुजा गावात आणि मग इटलीभर लोक स्वतःला चाबकाचे फटके मारत रस्त्यांवरून फिरले. मग १२६१ उजाडलं, आणि शेतं नांगरायची होतीच. त्या माणसांची मला कीव येत नाही, त्यांची भूक खरी होती. दान्तेने जोआकिमला स्वर्गात जागा दिली ती मला पटते. पण त्याच्या मागे आकडे घेऊन निघालेल्यांनी आशेची परीक्षेची तारीख करून टाकली.

ख्रिस्तसभेने या बाबतीत फार सावध पावलं टाकली आहेत. तू विचारलं आहेस म्हणून सांगतो, नाहीतर मी धर्मशिक्षणाचा तास घेतला नसता. पहिल्या शतकांत संत जस्टिन आणि संत इरेनियस यांच्यासारखे मोठे लोकही ख्रिस्ताच्या पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहत होते. संत ऑगस्टिनने ती हजार वर्षं म्हणजे ख्रिस्तसभेचा चालू काळच, असा अर्थ लावला आणि तोच रुजला. ख्रिस्त शेवटच्या न्यायाआधी दृश्य रूपात येऊन इथे राज्य करील, ही सौम्य शिकवणसुद्धा निर्धोकपणे शिकवता येत नाही, असं रोमच्या धर्मपीठाने १९४४ साली सांगितलं. साल लक्षात घे, युरोप जळत होता, आणि 'हजार वर्षांचं राज्य' हे शब्द हिटलरच्या लोकांच्या तोंडी होते. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ आणखी स्पष्ट बोलतो: देवाचं राज्य ख्रिस्तसभा चढत चढत जिंकली म्हणून पूर्ण होणार नाही, ती आपल्या प्रभूच्या मागोमाग मरण आणि पुनरुत्थान यांतून जाईल, आणि विजय देवाचा असेल.

मग शांतीचा काळ मागायचा की नाही? मागायचा. शेवटच्या, कधीच न संपणाऱ्या राज्याशी त्याची गल्लत मात्र करायची नाही. विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कबुलीत, आपण म्हणतो ना, 'त्याच्या राज्याला अंत नाही', ते वाक्य ३२५ साली निसियाच्या धर्मपरिषदेत लिहिलेल्या मजकुरात नव्हतं. ते ३८१च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या मजकुरात आलं. याच आठवड्यात पोप लिओ निसियाला निघाले आहेत, सतराशे वर्षं झाली त्या परिषदेला. निवडून आल्यावर सज्जातून त्यांचे पहिले शब्द शांतीचेच होते: निःशस्त्र शांती, आणि समोरच्यालाही शस्त्र खाली ठेवायला लावणारी. मी तेव्हा टीव्हीसमोर उभा राहिलो होतो, का ते सांगता येणार नाही.

आजच्या सणालाही यंदा शंभर वर्षं होत आहेत. ११ डिसेंबर १९२५ रोजी अकराव्या पायस यांनी तो सुरू केला. महायुद्धाने राजेमहाराजे उलथले होते, इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही पक्की होत होती, आणि पोप म्हणाले, राजा ख्रिस्त आहे. दोन वर्षांनी, चर्चचा छळ चालू असलेल्या मेक्सिकोत, मिगेल प्रो या येशूसंघी फादरला खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. तोही २३ नोव्हेंबरच, आजचाच दिवस. त्याने मारेकऱ्यांना क्षमा केली, डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही, क्रुसासारखे हात पसरले आणि 'ख्रिस्तराजाचा जयजयकार असो' म्हणाला. सरकारने त्याचे फोटो काढून घेतले, लोक घाबरतील म्हणून. ते फोटो लोकांनी घराघरांत जपले. हीच आरोळी देत त्या देशात काही जण बंदुका घेऊनही लढले. त्यांच्यावर काय बेतलं होतं हे मला ठाऊक आहे, त्यांना दोष द्यायला मी कोण? पण शांतीच्या राजाचा चेहरा मला प्रोच्या पसरलेल्या हातांत दिसतो.

आपण वसईचे, आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या भिंतींत आपण लपंडाव खेळलो आहोत. १५३४च्या तहाने पोर्तुगीज आले, तोफ आणि क्रूस एकाच जहाजातून उतरले, आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा ते राज्य संपलं. विश्वास मात्र वाड्यांतून राहिला, केळीच्या बागांतून, आजीसारख्या बायकांच्या हातांतल्या माळांत.

आता जे सांगण्यासाठी मुख्यतः कागद घेतला ते. आपला संत गोन्सालो गार्सिया आठव. वसईत जन्मलेला, फ्रान्सिस्कन ब्रदर, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर चढवलेला. त्याच नागासाकीत, उराकामीच्या कॅथेड्रलपासून जवळच, ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब फुटला. लोक मारियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाआधी पापनिवेदनाला आले होते. धर्मग्रामातल्या सुमारे बारा हजारांपैकी साडेआठ हजार माणसं गेली. दोन घंटांपैकी एक राडारोड्याखाली शाबूत सापडली आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री लोकांनी ती वाजवली. दुसरी गेली ती गेलीच, तो मनोरा ऐंशी वर्षं मुका होता.

यंदाच्या ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. नवी घंटा अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांनी वर्गणी काढून दिली. ज्यांचे आजोबा त्या बाँबच्या प्रकल्पात डॉक्टर होते अशा एका प्राध्यापकांनी ते काम हाती घेतलं होतं. नाव ठेवलं 'संत कतेरीची आशेची घंटा'. मी तो आवाज मोबाईलवर किती वेळा ऐकला असेल! ज्या देशाने बाँब टाकला त्याच्या नातवंडांनी घंटा दिली, आणि ज्यांचे आजी-आजोबा जळले त्यांनी ती मनोऱ्यात टांगली. शांतीचा काळ येतो तेव्हा कसा ऐकू येतो, हे मला कुणी विचारलं तर मी हा आवाज लावीन.

आता त्या व्हिडिओने तुझी झोप का उडाली ते मला वाटतं ते सांगतो. त्यात शत्रूसाठी एकही प्रार्थना नाही. कोण वाचणार, कोण काळोखात राहणार, याची यादी आहे. आजी रशियाच्या नाशासाठी नव्हे, रशियासाठी मागत होती, तिथली माणसं जेवतात का हे विचारत होती. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला त्या रात्री मला तिचा राग आला होता, खरं सांगतो. इतक्या वर्षांच्या 'नमो मारिया' गेल्या कुठे? मग २५ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी रशिया आणि युक्रेन दोघांना एकत्र मारियेच्या निष्कलंक हृदयाला समर्पित केलं. दोघांना. आजी असती तर म्हणाली असती, मग एक नाही, दोन म्हणा. त्या दिवसापासून मी तिच्या माळेवर दोन म्हणतो.

आपल्या हयातीत तो काळ येईल का, असं तू विचारलंस. मसीहाची वाट पाहत असलेल्या सिमोन म्हाताऱ्याने बाळ येशूला हातात घेतलं आणि शांतीने जायला मोकळा झाला. जेरुसलेमवर त्या दिवशी रोमची सत्ता होतीच. मला तेवढं मिळालं तरी पुरेल. आणि नाही मिळालं तरी मी मागत राहीन, कारण तलवारींचे फाळ आणि भाल्यांचे कोयते होतील हे यशया संदेष्ट्याने लिहून ठेवलं आहे, आणि देवाने ते खोडलेलं नाही.

मेणबत्त्यांचं सांगतो. पुढच्या रविवारी, ३० तारखेला, नाताळच्या तयारीचा आगमनकाळ सुरू होतोय. पेटीतल्या चार काढ, वहिनींना हिरवा पाला गोल मांडायला सांग, आणि पहिली धाकट्याला पेटवू दे. दर रविवारी एकेक. जळून संपल्या तर संपू देत, मेणबत्ती पेटवायलाच असते.

तुझी आई बरी आहे. काल तिच्याकडे जाऊन आलो, गुडघा दुखतो पण मिस्सा चुकवत नाही. तिला मी तुझ्या निरोपाबद्दल काही बोललो नाही.

माझा भाचा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडे येतो आहे. त्याच्यासोबत इंदेल आणि आजीची जपमाळ पाठवतो आहे. माळ आता तुझ्याकडे राहू दे, मला आकडा पाठ आहे. लाल दोरा फार विटलाय, पण तो बदलू नकोस. मुलं विचारतील हा कशाला, तेव्हा त्यांना सांग.

तुझा,
वाडीतला सोबती