ट्युलिपसाठी बस नको, ट्रेन बरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ट्युलिप टूरवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत, पण नेदरलँड्सचा अख्खा वसंत त्यात एका दुपारी उरकलाय. बसमधून क्यूकेनहॉफच्या फुलबागेपाशी उतरा, फोटो काढा, पवनचक्की बघा आणि चला पुढच्या देशात. असं फिरणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीयेत, घरातली वयस्कर माणसं सोबत असली की सामान उचलायला कोणीतरी असलेलं बरंच पडतं. पण हा देश इतका छोटा आणि त्याची रेल्वे इतकी सोयीची आहे की हार्लेम नाहीतर लायडनला चार-पाच दिवस मुक्काम टाकावा आणि रोज सकाळी आभाळ बघून कुठे जायचं ते ठरवावं. देशातल्या देशात फिरणाऱ्या गाड्यांना रिझर्वेशनची भानगड नाही, साधं तिकीट अंतरावर असतं, एक गाडी चुकली तर थोड्या वेळात दुसरी येते, मग घाई कशाला करायची?

हार्लेम ते लायडन हा रस्ता तर मुद्दाम करावा असा आहे. देशातली पहिली रेल्वे 1839 मध्ये ॲमस्टरडॅम ते हार्लेम सुरू झाली आणि 1842 मध्ये ती लायडनपर्यंत पोचली, आणि हाच पट्टा फुलांच्या कंदांच्या शेतीचा. यात इंटरसिटी न घेता स्प्रिंटर घ्या, म्हणजे तिथली लोकल, ती हिलेगोम, फोरहाउट अशा छोट्या स्टेशनांवर थांबते आणि त्या आसपास एप्रिलमध्ये खिडकीतून लाल, पिवळे, जांभळे पट्टे दिसतात. हायसिंथ फुललेलं असताना स्टेशनवर उतरलात तर वासानेच कळतं शेत कुठल्या बाजूला आहे ते.

आता लेखात राहून गेलेली मुख्य गोष्ट. क्यूकेनहॉफ ही बाग आहे, 32 हेक्टरची, दरवर्षी शरद ऋतूत तिथे हाताने सुमारे 70 लाख कंद लावतात, आणि आधी काय, नंतर काय फुलणार याचा हिशोब करून लावतात, त्यामुळे मार्चच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत काही ना काही फुललेलं असतंच. शेतांचं तसं नाही. शेतकऱ्याला फूल नकोच असतं, त्याला कंद विकायचा असतो. फूल नीट उमललं, रोगट झाडं तपासून काढून टाकली, की मशीन फिरवून सगळी मुंडकी छाटतात, म्हणजे झाडाची ताकद खाली कंदात जाते. त्यामुळे आज गुलाबी दिसलेलं शेत उद्या नुसतं हिरवं असू शकतं, आणि त्यात थंडी लांबली तर सगळंच पुढे सरकतं. कित्येक महिने आधी तारीख फिक्स केलेल्या बस टूरला हे कसं जमणार? चार दिवस हातात असले तर एक दिवस हुकला तरी चालतं. साधारण अंदाज म्हणाल तर मार्चमध्ये क्रोकस, मग डॅफोडिल आणि हायसिंथ, आणि ट्युलिप एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत.

क्यूकेनहॉफला रेल्वे स्टेशन नाही बरं का, ते लिसे गावात आहे, लायडन किंवा हार्लेमहून बस घ्यावी लागते आणि तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, ते आधी ऑनलाइन काढून ठेवा. सकाळी लवकरचा स्लॉट बघा, दुपारी फुलांपेक्षा सेल्फी स्टिकच जास्त दिसतात.

ऊन नसेल त्या दिवशी गावं बघा. लायडनच्या विद्यापीठाची बाग 1590 ची, तिथेच क्लुसियस या वनस्पतीतज्ज्ञाने 1590 च्या दशकात ट्युलिप लावले आणि पुढे या देशाला त्याचं वेडच लागलं. इतकं, की कंदांचे सौदे आभाळाला भिडले आणि फेब्रुवारी 1637 मध्ये हार्लेममध्येच एका लिलावात गिऱ्हाईक मिळेना आणि बाजार कोसळला. त्याच हार्लेमला आज शांतपणे चौकात बसता येतं, मोठ्या चर्चमधला म्युलर ऑर्गन हा जुना भव्य वाद्यसंच बघता येतो (लहानपणी संगीतकार मोत्सार्टने वाजवलेला), आणि स्टेशनची शंभर वर्षांहून जुनी इमारत तर मला चर्चइतकीच आवडली. डेल्फ्टला गाडी जमिनीखाली थांबते, वर आलं की पाच-दहा मिनिटात कालवे आणि जुना चौक. गर्दीचा वैताग आला असेल तर शुक्रवारी आल्कमारला चीजचा बाजार बघून डेन हेल्डरच्या गाडीने पुढे आना पाउलोना गावापर्यंत जा. तिथे शेतं भरपूर आणि टूरवाल्या बस कमी, माझ्या मते लिसेपेक्षा इकडेच जास्त मजा.

काही बारीकसारीक गोष्टी पण सांगते. कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवून आत जाता येतं, पण बाहेर पडताना तेच कार्ड परत टेकवायचं, विसरलात तर जास्त पैसे कापले जातात. शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे मधेच गाडीऐवजी बस देतात, म्हणून आदल्या रात्री रेल्वेचं ॲप बघा. 27 एप्रिलला राजाचा दिवस, म्हणजे राजाच्या वाढदिवसाचा सण असतो (रविवार आला तर 26 ला), त्या दिवशी ॲमस्टरडॅमकडच्या गाड्यांत नारिंगी कपड्यातली तोबा गर्दी असते, ज्याला आवडतं त्याने जावं, बाकीच्यांनी गावातच पायी फिरावं.

पुढच्या वर्षी हा विषय घेणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीतच छापा, कारण व्हिसाला वेळ लागतो आणि एप्रिलमध्ये लेख वाचून कोणाचं जाणं होणार? आणि फोटोसाठी शेतात शिरू नका हे ठळक अक्षरात छापा. बुटांना लागून रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो आणि पायाखाली कंद मोडतात, रस्त्याच्या कडेवरून फोटो तेवढाच छान येतो.

आपली,
एक नियमित वाचक